पानामामांचा नळ

पानामामांनी बंद केलेला नळ घरात दुसऱ्या कुणालाही उघडता येत नसे. हात धुवायचे असोत की तांब्या भरायचा असो, "मामा, नळ" अशी हाक मारावी लागे. मामा शर्टाच्या बाह्या सारत यायचे, "सरक बाजूला" म्हणायचे, खिशातून पाना काढायचे आणि नळाची मान धरायचे. नळ किंचाळत उघडायचा. काम झालं की तो तितक्याच जोरानं पुन्हा आवळला जायचा आणि मामा ओसरीवर जाऊन बसायचे, पुढची हाक येईपर्यंत. लोखंडी पाना कायम खिशात म्हणून गल्लीनं त्यांना पानामामा केलं होतं. लग्नकार्याला जातानासुद्धा तो रुमालात गुंडाळलेला त्यांच्यासोबत असायचा.

मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. आम्ही केदारखेड्याचे. बारावीनंतर मला पुढं शिकवायचं कसं, या विचारात वडील असताना मामांनी त्यांना फोनवर सांगितलं की पोरगी जालन्याला आमच्याकडं राहील, यात विचारायचं काही नाही. तोवर आमच्या घरातलं कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. आज मी शाळेत शिकवते ती त्या एका फोनमुळं. म्हणून पुढचं सगळं हसत लिहीत असले, तरी मनात नमस्कार आहे.

नळाबद्दल मामांचं मत पक्कं होतं. "नळ म्हंजे खोडीचा बैल," ते म्हणायचे. "दावं ढिलं सोडलं की गेलाच समज." आता नळ जितका आवळावा तितका आतला रबरी वायसर चेपतो आणि चेपला की नळ टपकायला लागतो. टपकला की मामा आणखी आवळायचे. मग प्लंबर यायचा, वायसर बदलायचा आणि हात जोडून म्हणायचा, "मामा, दोन बोटांनी बंद करत जा." तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत मामा त्याच्या पाठीकडं बघत राहायचे. मग म्हणायचे, "दोन बोटांनी मीठ घेतेत."

मोरीतल्या पाइपाबद्दलही त्यांचं असंच स्वतंत्र शास्त्र होतं. उकळलेली चहापत्ती ते मुद्दाम मोरीत टाकत, का तर तिनं पाइप आतून घासून निघतो. दिवाळीत करंज्या तळून उरलेलं तेल मामी बाजूला ठेवायची, ते मामा गुपचूप मोरीत ओतून यायचे. मी एकदा भीत भीत म्हटलं की तेल आत थिजत असेल. त्यावर मामांनी माझ्याकडं मोठ्या मायेनं पाहिलं आणि विचारलं, "सायकलच्या चेनला तेल देतो का न्हाई आपण? मंग पाइपानं काय पाप केलं?" ऐन भाऊबीजेला, मामीचे दोघं भाऊ पंगतीला बसलेले असताना, मोरी तुंबली आणि तेलाच्या तवंगावर चहापत्ती तरंगत बाहेर आली. मामी खरकटी भांडी घेऊन अंगणात गेली. मामांनी मोरीचं बराच वेळ निरीक्षण केलं आणि निदान सांगितलं, "तेल कमी पडलं."

पण गल्लीत अजून सांगितली जाते ती गोष्ट वेगळीच. आमच्याकडं मोरीतल्या नळाला टाकीचं पाणी असतं, पण बाहेरच्या नगरपालिकेच्या नळाला पाणी रोज येत नाही आणि येण्याची वेळही ठरलेली नाही. म्हणून सगळेजण तो नळ उघडाच ठेवतात आणि खाली रिकामी बादली. पाणी आलं की बादली वाजते आणि माणसं धावतात. उघडा नळ मामांना बघवत नसे. आमचा नळ आवळलेलाच. एकदा मामा सलूनमध्ये दाढीला गेले आणि इकडं शेजारच्या बादल्या वाजायला लागल्या. मामीनं नळाला फडकं गुंडाळून पाहिलं, मी लोंबकळून पाहिलं, नळ हलेना. शेवटी मी चपला न घालताच धावत सुटले.

मामा खुर्चीत होते. अर्धा गाल साफ, अर्ध्यावर फेस. "मामा, नळाला पाणी आलं," एवढंच मी म्हटलं. गळ्यातल्या कापडासकट मामा उठले आणि निघाले. मागं मी, माझ्यामागं कापडासाठी सलूनवाला. बायका घागरी खाली ठेवून बघत राहिल्या. मामांनी नळ उघडला, एक घागर भरली, दुसरी निम्मी झाली आणि पाणी गेलं.

मामी शांतपणे म्हणाली, "पाणी आल्तं तुम्हाला भेटायला. घरी नव्हता, म्हणून गेलं."

"गेलं असंल," मामा गालावरचा फेस पुसत म्हणाले, "पण टपकून तर न्हाई गेलं."

पुढं मला नोकरी लागली, अंबडला राहायला गेले. मधे मामांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. सावरले, पण उजव्या हातातला जोर गेला. बाजाराला जाणं बंद झालं, सायकल विकली, सदऱ्याची बटणंसुद्धा मामी लावून देते. मागच्या दिवाळीत मी भेटायला गेले. हात धुवायला मोरीत शिरले आणि सवयीनं नळ जोरात पिरगाळला, तर तो बोटं लागताच गर्रकन फिरला. पाणी अंगावर उडालं. मागून मामीनं झटकन माझं मनगट धरलं, नळ बंद केला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"माय, उघडू नको," ती हळूच म्हणाली. "एवढं एकच काम राह्यलंय त्यांच्याकडं." मग ओसरीकडं तोंड करून मोठ्यानं, "अहो, पोरगी मास्तरीण झाली, पण नळ उघडंना तिला."

ओसरीवर काठी वाजली. मामा आले, पाना काढला, दोन्ही हातांनी नळाला लावला. नळ मुकाट्यानं उघडला. मी हात धुतले. मामांनी नळ बंद केला, खाली वाकून कान लावला. एक थेंबही पडत नव्हता. आता कुणी आवळत नसल्यानं वायसर बिचारा धड होता, पण मामांनी माझ्याकडं विजयी नजरेनं पाहिलं.

"बघ, टपकणं बिलकुल बंद. इतकी वर्षं आवळला, तवा कुठं सरळ झाला." आणि मग एकदम, जरा संशयानं, "बघू, तू उघडून दाखव."

मामी ओट्यापाशी थांबली. मी पदर खोचला, दोन्ही हातांनी नळ धरला, दात आवळले आणि जमेल तितका चेहरा लाल केला.

"न्हाई उघडत, मामा."

मामांचा चेहरा खुलला. पाना सावरत ते पुढं आले.

"सरक बाजूला."