मेस्त्रींचा उघडा हात

कडाक्याच्या थंडीत हातमोजा काढून विमानाच्या पंखावरून उघडा तळहात फिरवणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला. बैलबाजारात जाणतं गिऱ्हाईक बैलाच्या पाठीवरून हात फिरवतं, तसा मेस्त्री तो फिरवत. बुडापासून टोकापर्यंत, दोन्ही बाजूंना. अंगठ्याच्या नखाला खरखर लागली की विमान जागेवरच. "साहेब, डोळे खुशामत करतात, हात करत नाही," असं ते म्हणत. गोठलेल्या दवाचा साखरेच्या कणाएवढा थरही पंखाची उचल मारतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्यांच्या बोटांना ते ठाऊक होतं.

मेस्त्री मूळचे नाशिकजवळच्या ओझरचे. मोठ्या विमानांच्या दुरुस्तीत हयात घालवून ते बाडहूव्हडॉर्प या डच गावात निवृत्त झाले होते आणि पोल्डरातल्या, म्हणजे पाणी हटवून काढलेल्या सखल जमिनीवरच्या, आमच्या छोट्या विमान-क्लबाच्या मैदानावर हिवाळ्यात दर शनिवारी स्वखुशीनं येत. क्लबाच्या घटनेत अशा पदाची कोणतीही तरतूद नव्हती. ही गंभीर बाब मी तीन पत्रांद्वारे समितीच्या निदर्शनास आणली. समितीनं तिन्ही पत्रांची रीतसर पोच दिली आणि मेस्त्रींना नवा कोट घेऊन दिला.

प्रोपेलरच्या बाबतीत तर ते दयामाया जाणत नसत. "थांबलेला प्रोपेलर म्हणजे डोळे मिटून बसलेलं कुत्रं. झोपलंय असं समजायचं नाही." आमचे अध्यक्ष, सहा फुटांहून उंच दंतवैद्य, एकदा घाईनं विमानाच्या नाकासमोरून गेले. मेस्त्रींनी त्यांना भर निसरड्यावरून मागे पाठवलं आणि शेपटाला वळसा घालून पुन्हा यायला लावलं. दुसऱ्या एका सभासदानं विमानांपुढच्या बर्फावर मिठाची पिशवी रिकामी करायला घेतली, तेव्हा बदकासारखी आखूड पावलं टाकत मेस्त्री धावले. "अहो, मीठ आमटीत! ॲल्युमिनियम खाईल ते!" त्या डच गृहस्थाला मराठीचा गंध नव्हता, पण पिशवी हातातून सुटली. मग मेस्त्रींनी स्वतः फावड्यानं वाळू पसरली.

आता माझं प्रकरण. त्या जानेवारीतल्या शनिवारी माझ्या वैद्यकीय दाखल्याची मुदत संपत होती, आणि हृदयाच्या कारणास्तव तो पुन्हा मिळणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. वैमानिक म्हणून माझा तो शेवटचा दिवस. नऊ वर्षांच्या नातीला, ईराला, आपलं घर वरून दाखवण्याचा शब्द मी दिलेला होता. आणि पंख पाहावेत तर पांढरेशुभ्र!

मेस्त्री वाळू आणायला गेले होते. पुण्यातल्या आमच्या घरात बादलीभर कढत पाण्यानं सुटला नाही असा प्रश्न मी पाहिलेला नव्हता. सबब मी क्लबाच्या स्वयंपाकघरातून दोन किटल्या भरून आणल्या आणि डाव्या पंखावर ओतल्या. बर्फ क्षणात गेला. मी विजयानं उजव्या पंखाकडे वळणार, तोच मेस्त्री आले आणि त्यांनी एकच विचारलं, "पाणी गेलं कुठं?"

पंखाच्या मागच्या कडेला विमान कलतं करणारी एक झडप असते. त्यांनी ती हलवून पाहिली. हलेना. पाणी बिजागरीत उतरून गोठलं होतं.

"कोणत्या कलमान्वये मला अडवता?" मी गरजलो.

"कलम तुम्ही शोधा, साहेब. मी तोवर विमान आत ढकलतो. आणि पोरीसमोर असं ओरडू नका, शिकेल ती."

ईरानं डचमध्ये निकाल दिला, "आजोबा, ते बरोबर बोलतायत."

हँगरमध्ये हीटर लावून मेस्त्री तीन तास पंखाखाली फडकं घेऊन थेंब टिपत बसले. तेवढ्या वेळात मी त्यांच्याविरुद्ध चार पानी तक्रार लिहिली. त्यांनी ती शांतपणे वाचली, दुसऱ्या पानावरचं बिजागरीचं वर्णन दुरुस्त केलं आणि खाली सही केली. गेल्या वर्षी ओझरला ते वारले. ती तक्रार माझ्यापाशीच आहे. त्यातलं मेस्त्रींनी दुरुस्त केलेलं ते एकच वाक्य अचूक आहे.

झडप मोकळी झाली, उजवा पंखही सुकला, तेव्हा सूर्यास्ताला जेमतेम अर्धा तास होता. आमच्या मैदानावर दिवे नाहीत. सूर्यास्तापूर्वी उतरलंच पाहिजे. घरापर्यंत जाऊन यायलाच पाऊण तास. हा नियम मला तोंडपाठ होता, आणि त्याविरुद्ध पत्र लिहावं असा कोणी अधिकारी अस्तित्वात नव्हता. मी मान खाली घातली.

"उडायचं नाही," मेस्त्री म्हणाले. "जमिनीवर चालवायला कोण नको म्हणतंय? आजचा दिवस कप्तान तुम्हीच."

मी इंजिन सुरू केलं. मेस्त्री पंखाच्या टोकाशी, वाळू टाकलेल्या पट्ट्यावरून चालू लागले, आणि सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाच्या पावलानं मी विमान हाकलं. ईरा कानावरचे हेडफोन सावरत ओरडत होती, "स्नेलर, आजोबा, स्नेलर!" लवकर, अजून लवकर. पोल्डराच्या कालव्यावरची बदकं आमच्या पुढे निघून गेली.

धावपट्टीच्या टोकाला मेस्त्रींनी हात वर केला. मी इंजिन बंद केलं. प्रोपेलर पुरता थांबल्यावरच ते मागून वळसा घालून दाराशी आले. दम लागला होता, मिशीवर बर्फ साचला होता.

"साहेब, आत न्यायचं, की अजून एक फेरी?"

"मेस्त्री," मी म्हणालो, "तुम्ही ठरवा."

त्यांनी सूर्याकडे पाहिलं. मग ईराकडे.

"दोन फेऱ्या बसतील."