मोटरपाशी दीड हात पाइप

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली, आणि तीही इलेक्ट्रिकलची. हे मी आजही सांगते. त्या वर्षी तर कुणी न विचारताच सांगत होते.

ताम्हिणीच्या अलीकडे आमचं गाव. तिथं काकीनं पिठाची गिरण घातली. दगड बसले, मोटर बसली, फक्त वीज यायची होती. सोमवारी वीज खात्याचे साहेब वायरिंग तपासणार आणि ते पसंत पडलं तरच कनेक्शन मिळणार. काकीनं मात्र गावभर सांगून टाकलं होतं, मंगळवारी दळण आणा. शनिवारीच पडवीत डब्यांची रांग लागली.

वायरिंग काकांचं. काका जुने वायरमन. मीटरपासून मोटरपर्यंत त्यांनी सगळा फ्लेक्सिबल पाइप सोडलेला, म्हणजे लोखंडी पट्टीचा, हवा तसा वळणारा. भिंतीवरनं धामण निघाल्यासारखा दिसत होता.

"काका, एवढा लांब फ्लेक्सिबल चालत नाही. आणि अर्थिंगची तार कुठंय?"

"पाइप लोखंडाचा हाय की. त्योच अर्थिंग."

"तसं धरत नाहीत. एखादं वेटोळं सैल पडलं की संपलं. वेगळी तार लागते."

"इतकी वर्सं वायरी वढतुया. कुनी चिकटला म्हनून तक्रार न्हाई आली."

"चिकटलेला माणूस तक्रार करायला येईल कसा?"

काकी एवढी हसली की काकांनी पक्कड खाली ठेवली.

मग मी सगळा पाइप उतरवला. अर्थिंगची तार ओढली आणि कडक पीव्हीसी पाइप ओळंब्यात, थेट मोटरच्या पोटापर्यंत नेला. काका शिडी धरून उभे. रविवारी मी त्या भिंतीचे चार फोटो काढले.

सोमवारी सकाळी काकी म्हणाली, पट्टा ढिला वाटतोय. गिरणीचा पट्टा ताणायचा तर मोटरच मागं सरकवावी लागते. काकांनी नट सैल करून ती दोन बोटं ओढली. कट्ट. माझा ओळंब्यातला पाइप मोटरपाशी तुटला आणि वायरी उघड्या पडल्या.

काकांनी पाइपाचं तुटकं टोक बोटानं हलवून पाहिलं. मग म्हणाले, "तुज्या कालेजात मोटरी जाग्यावर खिळून ठिवत्यात व्हय?"

फ्लेक्सिबल कुठं वापरायचा, तर नेमका इथंच. जे यंत्र हलतं, सरकतं, थरथरतं, त्याच्याजवळचा शेवटचा तुकडा. पुस्तकातल्या त्या ओळीखाली मी रेघसुद्धा मारली होती. नियमाचा 'नको' तेवढा लक्षात राहिला, 'हवा' विसरले.

"दीड हात बास व्हईल," काका म्हणाले आणि उतरवलेल्या वेटोळ्यातून तुकडा कापू लागले.

"दीड हात बास. पण आतनं अर्थिंगची तार जाणार."

"घाल बाई, घाल. दोन घाल."

दोन्ही टोकं आवळून होतायत तोवर दारात मोटारसायकल थांबली. साहेबांनी मोटर हातानं हलवली, अर्थिंगची तार खिशातल्या टेस्टिंग मीटरनं तपासली, पुन्हा मोटर हलवली. काकी डब्यांच्या रांगेपुढं पदर आवळून उभी. मला पदवीच्या निकालाला एवढा घाम फुटला नव्हता. शेवटी साहेबांनी कागदावर सही केली.

मंगळवारी दुपारी गिरण घरघरली. नव्या दगडाच्या पहिल्या पिठात कच येते, ते माणसाला देत नाहीत. काकीनं ते म्हशीच्या बादलीत ओतलं, हात झटकले आणि रांगेतला पहिला डबा उचलला.