उंदीरमामाचा आवाज

उंदीरमामा कर्णा तोंडाला लावून चिरक्या आवाजात बोलायला लागला, की म्हातारी माणसंसुद्धा पोट धरून हसत. आमची सरकारी सिनेमाची मोटार सातारा-सांगलीकडची गावं फिरायची. मी यंत्र चालवायचो, मामा पडद्याशेजारी उभा राहायचा. पडद्यावर हातानं काढलेली चित्रं हलत. त्यातला टोपीवाला उंदीर घरोघर गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, पोचवायचा. चित्राला आवाज नव्हता, तो मामाचा. त्याचं खरं नाव दादू, पण ते कुणी विचारत नसे.

"राम राम वैनी, कणगीत जागा हाय का?" उंदीर विचारायचा आणि गाव खिदळायचं. चित्र संपलं की मोटारीबरोबरचे डॉक्टर लस टोचायला सुया उकळून बसत, आणि देवळापुढचं पटांगण बघता बघता रिकामं होई. मामा वाट अडवून विनवायचा, "आवं, टोचून घ्या की, न्हाईतर मरशिला." लोक त्याच्या पाठीवर थाप मारत. "लय ग्वाड बोलतुस गड्या."

मला त्या लोकांचा असा संताप यायचा! फुकट हसायला पुढं, सुईपुढं दंड धरायची वेळ आली की पसार. मी मामाला म्हटलं, "ते सोंग बंद कर, सरळ सांग." लोणंदला त्यानं सरळ सांगून पाहिलं. अर्धं चित्र होईतो निम्मी माणसं उठून गेली.

"हसवलं तर ऐकत न्हाईत, न्हाई हसवलं तर थांबत न्हाईत. मी काय करू, सांग," तो म्हणाला. मी कर्णा उचलून परत त्याच्या हातात दिला.

माधवनगरला त्याची आक्का दिली होती. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेलं. तिच्या आळीत मेलेले उंदीर सापडू लागले होते. खेळ संपल्यावर मामानं चारचौघांत तिचे पाय धरले. ती पदरानं डोळे पुसत हसत होती.

"अरं, ल्हानपणापास्नं माज्याम्होरं सोंगं काढतुयास. आन् आता तुजं ऐकून सुई टोचून घिऊ व्हय? ऊठ, भाकरी खायाला चल."

तो खरोखर रडत होता. त्यालाही लोक हसले.

पंधरवड्यात आक्का गाठ येऊन गेली. दहावं उरकून मामा मोटारीवर परत आला. पुढच्या गावी चित्र सुरू झालं, पण त्याला शब्द फुटेना. लोक ओरडू लागले. शेवटी तो कसाबसा म्हणाला, "माजी आक्का मेली वो. टोचून घ्या."

रडून रडून आवाज फाटला होता, पार चिरका झाला होता. पटांगणभर हशा उसळला. मी यंत्र फिरवत राहिलो, दुसरं काय करणार?