बिनपहाऱ्याची परीक्षा

गणिताचे पेपर तपासत होतो. तीच चूक पुन्हा समोर आली, तेव्हा मी लाल पेन्सिल खाली ठेवली आणि तपासून बाजूला ठेवलेला गठ्ठा परत उघडला.

प्रश्न हौदाचा होता. दोन नळ हौद भरतात, तळाचं एक भोक तो रिकामा करतं, तर हौद भरायला वेळ किती लागेल? भोकाचं पाणी वजा करायचं असतं. एका मुलानं ते मिळवलं होतं. त्याच्या हौदात भोकातूनही पाणी येत होतं. असं होतं, पोरं घाईत असतात. पण पुढच्याच ओळीत त्यानं सात आठे चोपन्न केले होते. यातली एखादी चूक दोघांची होऊ शकते. दोन्ही चुका, एकाखाली एक, निम्म्या वर्गाच्या होत नाहीत.

एरवी यात विशेष काही नव्हतं. कॉपी झाली, एवढंच. मी तीन शाळांत गणित शिकवलं होतं आणि कॉपी सगळीकडे पाहिली होती. पण ही परीक्षा साधी नव्हती.

पन्नासच्या दशकातली गोष्ट आहे. हिंगणघाटला मुलांचं एक हायस्कूल होतं, तिथे मी मास्तर होतो. आमचे हेडमास्तर भालेराव. खादीचे कपडे, कडक आवाज, स्वतःचा संडास स्वतः साफ करणारा माणूस. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आले होते. स्वराज्य आलं, आता स्वराज्याला लायक मुलं घडवायची, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी त्यांनी शाळेत एक योजना काढली होती, तिचं नाव ‘शीलसंवर्धन’. सकाळी प्रार्थना, रोज टकळीवर सूत, पाळीपाळीनं शाळेची झाडलोट. आणि शेवटची पायरी म्हणजे बिनपहाऱ्याची परीक्षा.

परीक्षेत वर्गात मास्तर हिंडत असतो, त्याला आम्ही सुपरव्हिजन म्हणतो. भालेरावांनी ती बंद केली. प्रश्नपत्रिका वाटायच्या आणि आम्ही सगळ्यांनी स्टाफरूममध्ये येऊन बसायचं. पेपरच्या शेवटी प्रत्येक मुलानं लिहायचं, ‘हा पेपर मी माझ्याच बुद्धीने लिहिला आहे,’ आणि खाली सही करायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रार्थनेत ते मुलांना म्हणाले होते, “ज्याचा तोल गेला असेल त्यानं ते वाक्य लिहू नये. जे केलं ते लिहावं. मी समजून घेईन.”

मी गठ्ठा शेवटपर्यंत चाळला. चोपन्नवाल्या प्रत्येक पोरानं ते वाक्य वळणदार अक्षरात लिहिलं होतं. फक्त एकानं लिहिलं नव्हतं. वामन भोयर. हिंगणघाटपासून दोन-तीन कोसांवरच्या खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा. गणितात बेताचा, वागायला गरीब. त्यानं लिहिलं होतं, ‘हौदाचे गणित मी समोरच्याचे पाहून लिहिले. बाकी माझे आहे.’ खाली सही.

खरं सांगतो, मला आनंद झाला. योजना फसली होती, पण अगदीच वाया गेली नव्हती. पेपर घेऊन मी हेडमास्तरांच्या खोलीत गेलो.

भालेरावांनी एकेक पेपर पाहिला. त्यांचा चेहरा पडत गेला. वामनचा पेपर वाचून त्यांनी तो वेगळा ठेवला आणि ते खिडकीपाशी गेले. वेणा नदीकडून गरम वारा येत होता.

“देशकर, तुमचं म्हणणं काय?” त्यांनी विचारलं.

“गणिताची परीक्षा सगळ्यांची पुन्हा घ्यावी. नवा पेपर मी काढतो. वामनला बोलावून शाबासकी द्यावी.”

“पुढच्या आठवड्यात नागपूरहून इन्स्पेक्टर येतायत. ही योजना बघायलाच येतायत. इतर शाळांत न्यायची म्हणतात.”

“मग त्यांना खरं सांगू. एक मुलगा तयार झाला, बाकीचे व्हायचेत.”

संध्याकाळी भालेरावांनी संस्थेच्या सेक्रेटरींना बोलावलं. ते गावातले नावाजलेले वकील, सगळे त्यांना वकीलसाहेबच म्हणत. त्यांनी पेपर टेबलावर पसरले आणि कोर्टात विचारावं तसं मला विचारलं.

“मास्तर, या मुलांना तुम्ही कॉपी करताना पाहिलं?”

“नाही. आम्ही बाहेर होतो.”

“कोणी कोणाचं पाहिलं, सांगू शकता?”

“नाही. पण चुका बघा ना, साहेब.”

“चूक हा संशय झाला. पुरावा नाही झाला. आता हा भोयर. यानं लिहून दिलं आहे. कबुलीजबाब आहे. याच्याविरुद्ध पुरावा पक्का.”

मला आधी कळेचना की ते कुठे निघालेत. कळलं तेव्हा मी भालेरावांकडे पाहिलं. ते टेबलाकडे पाहत होते.

“अर्धा वर्ग फेल केला तर योजना बुडाली,” वकीलसाहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. “अन कोणालाच काही केलं नाही, तर इन्स्पेक्टर म्हणतील ही ढिलाई आहे. एकावर कारवाई झाली की दिसतं, योजना जागी आहे. चोर सापडला, बाकी सब ठीक.”

“तो सापडला नाही साहेब, त्यानं सांगितलं,” मी म्हणालो. “सर, तुम्ही शब्द दिला होता.”

भालेराव हळू म्हणाले, “मी समजून घेईन म्हटलं होतं. माफ करीन म्हटलं नव्हतं.”

त्यांच्यासारख्या माणसाच्या तोंडून हे ऐकावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. वकीलसाहेबांचं मला नवल वाटलं नाही. भालेराव खोटं बोलणारे नव्हते. त्या मुलापेक्षा त्यांना योजना प्यारी झाली होती, आणि ते त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं. मी पुष्कळ बोललो. वकीलसाहेबांनी शेवटी घड्याळात पाहिलं. वामनला त्या वर्षी नापास करायचं आणि शाळेतून काढायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. हेडमास्तरांनी त्यांना खोलीत बसवून सगळं सांगितलं. वाईट वाटत असल्याचंही सांगितलं. ते गृहस्थ सगळं ऐकून बाहेर आले आणि व्हरांड्यात मला भेटले. वामन मागे उभा होता.

“मास्तर, एक इचारू का?” ते म्हणाले. “तुमी यायले शिकवलं का खरं बोला. हा खरं बोलला. मंग याले काऊन काढून राह्यले?”

मी म्हणालो, “चूक शाळेची आहे.”

“मंग शाळेले कोन काढते?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते खरोखर विचारत होते. त्यांनी टोपी घातली, मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं फाटकाबाहेर गेले.

इन्स्पेक्टर आले. मुलांनी सूत कातून दाखवलं, प्रार्थना म्हटली. बिनपहाऱ्याच्या परीक्षेत एकच मुलगा घसरला आणि त्याच्यावर लगेच कारवाई झाली, असं वकीलसाहेबांनी सांगितलं. इन्स्पेक्टर निघाले तेव्हा मी त्यांना फाटकाशी गाठलं आणि झालेली हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

“तो मुलगा आहे इथे?” त्यांनी विचारलं.

“नाही. गावी गेला.”

“मग आता त्याला बोलावून मी काय विचारू? त्यानं केलं की नाही, एवढंच ना? तो हो म्हणेल.” ते मोटारीत बसले. “तुम्ही चांगले शिक्षक दिसता. हेडमास्तरांशी जुळवून घ्या.”

महिन्याभरानं शेरा आला. योजना अनुकरणीय आहे, असं त्यात होतं. भालेरावांनी तो प्रार्थनेत वाचून दाखवला. वाचताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता, पण वाचला.

मी वामनच्या गावी गेलो. तो बापाबरोबर शेतात वखरणीला लागला होता. सेलूच्या हायस्कूलमध्ये माझ्या ओळखीचे एक मास्तर होते, त्यांच्याकडून जागा असल्याचं कळलं होतं. वडील नाही-हो करत तयार झाले.

अडचण टी.सी.ची होती. टी.सी. म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. त्यात ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. तिथे ‘चांगली’ लिहिलेलं नसेल तर दुसरी शाळा दारात उभं करत नाही. वामनच्या दाखल्यावर ‘असमाधानकारक’ होतं. मी भालेरावांना म्हणालो, “तेवढं बदलून द्या.”

“खोटा दाखला मी आयुष्यात दिला नाही, देशकर,” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. मी दाखला उचलला आणि बाहेर पडलो.

वर्ध्याला मोटार बदलून मी आणि वामन सेलूला गेलो. वाटेत मी मनाशी ठरवलं होतं की तिथल्या हेडमास्तरांना सगळं पहिल्यापासून सांगायचं. ते एक ठेंगणे, घाईतले गृहस्थ होते. त्यांनी दाखला वाचला आणि भिवया वर केल्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी थेट मुलालाच विचारलं.

“हे काय रे? असमाधानकारक? काय केलंतं तिथं?”

वामननं त्यांच्या डोळ्याला डोळा दिला.

“मारामारी झालती, सर,” तो म्हणाला. “एका पोरानं मले आईवरून शिवी देल्ली. मी त्याले हाणलं.”

त्याचा आवाज जराही अडखळला नाही. हेडमास्तर हसले.

“बस, एवढंच? मले वाटलं चोरीचकारी असंन. पोरं भांडतच राह्यतेत. इथं नाई भांडजो, समजलं?”

“हो सर.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो? खरं सांगितलं असतं तर त्यांनी दाखला परत दिला असता. मारामारी चालते, कॉपी चालत नाही. आणि कॉपी केली असं आपणहून लिहून देणारा मुलगा तर कुठल्याच शाळेला झेपत नाही. नाव दाखल झालं.

बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, “वामन, हे तुला कोणी सांगितलं बोलायला?”

“कोनीच नाई,” तो म्हणाला. “मोटारीत सुचलं.” थोडं चालल्यावर म्हणाला, “मास्तर, तुमी घरी बाबाले नका सांगजा. त्यायले वाईट वाटन.”

मी सांगितलं नाही.

तो त्या शाळेतून मॅट्रिक झाला. पुढे एका कचेरीत लागला. एकदा वर्ध्याच्या स्टेशनवर भेटला, पाया पडला, बढती झाल्याचं सांगितलं. साहेबांची आपल्यावर मर्जी आहे, आपण कुणाला दुखवत नाही, असं म्हणाला. मी शाबास म्हणालो.

भालेराव त्यानंतर फार दिवस हेडमास्तर राहिले नाहीत. प्रकृतीचं कारण देऊन गेले. योजना मात्र चालू राहिली. मी पुढे बरीच वर्षं नोकरी केली. ज्या ज्या वर्गावर माझं सुपरव्हिजन असे, तिथे मी पूर्ण वेळ बाकांमधून फिरत असे. मुलं मला खडूस म्हणत. म्हणोत बापडी. पोराला खरं बोलायला शिकवणं फारसं कठीण नाही, वर्षभरात जमतं. ते ऐकून घेणारी मोठी माणसं आधी जमवावी लागतात. आम्ही तिथून सुरुवात केली नव्हती.