आता पाहुण्याने बोलावं

ती सकाळ मी विसरलेलो नाही, आणि विसरायची माझी लायकीही नाही.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. हिवाळा होता. हजेरी चालू होती आणि शिपाई हात चोळत उभे होते. तेवढ्यात ठाणे अंमलदाराने फोन माझ्या हातात दिला. बोलणारा नाव सांगेना. "साहेब, वरला पाडावर पावरानी पाव्हनासले जेवनमा जहर दिधं. पोर मरी गई," एवढं म्हणून त्याने फोन ठेवला.

पाहुणे म्हणजे तापीकाठच्या गावचं एक कुटुंब. नवरा, बायको आणि सात वर्षांची मुलगी. घरची कपाशी, केळीची बाग, खाऊनपिऊन सुखी माणसं. मुलीला शाळेला सुट्टी होती, तिला डोंगर दाखवायचा म्हणून तिघं चालत वर गेली होती. वरच्या पाड्यावर एका पावरा आदिवासी शेतकऱ्याने आपल्या कुडाच्या घरातली एक खोली सारवून पाहुण्यांसाठी ठेवली होती. आलेल्याला तो ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ खाऊ घाली आणि सकाळी धबधब्यापर्यंत नेऊन आणी. त्या सकाळी मुलगी उठेना. तोंडाला फेस आला होता. आईबापांनाही उलट्या होत होत्या. त्या पावऱ्याने मुलीला लुगड्याने पाठीला बांधलं आणि दोन तासांची वाट पळत उतरून तिला दवाखान्यात आणलं. ती वाटेतच गेली होती.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा बाप भिंतीशी बसून डोकं आपटत होता. आई एक शब्द बोलत नव्हती. डॉक्टर म्हणाले, लक्षणं पिकावरच्या औषधाची दिसतात, व्हिसेरा तपासणीसाठी राखून ठेवतो. मला तेवढं पुरलं. तिघं एका घरी जेवली, तिघांना त्रास झाला, मग विष जेवणातच असणार. बापाच्या जबाबात कारणही सापडलं. आदल्या संध्याकाळी तो पाण्यावर गेलेल्या बायकांचे फोटो काढत होता, त्यावरून पावऱ्याने त्याला हटकलं होतं आणि शब्दाला शब्द वाढला होता. मुलीला पाठीवर घेऊन पळणं हा मला कांगावा वाटला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत होती.

चौकशीला मी माझा एक हवालदार दुभाषा म्हणून बसवला. तो त्याच डोंगरातला, पावरी बोलणारा. आरोपी खुर्चीवर बसायला तयार नव्हता, जमिनीवर उकिडवा बसला. मी विचारलं, "मुलगी कशी मेली?"

तो सावकाश बोलला आणि हवालदाराने मराठीत सांगितलं, "साहेब, तो म्हणतो, पोर माझ्या छपराखाली मेली. गुन्हा माझा."

मला मारावं लागलं नाही, धाक दाखवावा लागला नाही. इतकी सोपी कबुली आयुष्यात मिळाली नव्हती. मी विचारलं, औषधाची बाटली कुठे आहे? तो म्हणाला, दाखवतो. आम्ही दोन पंच घेऊन वर गेलो. घरामागच्या उकिरड्यातून त्याने रिकामी बाटली काढून दिली. पंचनामा झाला, बाटली, उरलेलं जेवण, मुलीचे कपडे आणि गोधडी असा मुद्देमाल जप्त झाला. खाली येताना तो हवालदाराशी पुन्हापुन्हा तेच काहीतरी बोलत होता.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, माझं मी बोललो. आता पाहुण्याने बोलावं."

"बघा, चोराच्या उलट्या बोंबा!" मी म्हणालो.

हवालदार चालता चालता थांबला. "साहेब, रागावू नका. आमच्यात असं असतं. कुणाच्या घरी वाईट घडलं तर पाड्याचे पंच बसतात. घरधनी आधी उठून सांगतो, माझ्या घरी घडलं, गुन्हा माझा. त्यानं आधी दुसऱ्याकडे बोट दाखवायचं नसतं. मग पाहुणा उठतो, आपल्या हातून काय झालं ते सांगतो. दोघांचं ऐकून पंच ठरवतात. याला वाटतंय आपण तसंच बसलोय."

"ती रीत तुमच्या पाड्यावर. इथे कायदा आहे," मी म्हणालो. चार शिपाई ऐकत होते, त्यांच्यासमोर हवालदाराने मला शिकवावं हे मला खपलं नाही. तो पुन्हा त्या विषयावर बोलला नाही.

आरोपी तुरुंगात गेला. त्याला जामीन राहायला कुणी पुढे आलं नाही. त्याची बायको दर आठवडी बाजाराला दोन मुलांना घेऊन ठाण्याच्या आवारात येऊन बसायची. काही मागायची नाही, कुणाला विचारायची नाही, दुपार कलली की निघून जायची. मला तिचा राग यायचा. आज कळतं की ती पंच कधी बसतात याची वाट पाहत होती.

प्रयोगशाळेचा अहवाल यायला पावसाळा उजाडला. जेवणाच्या नमुन्यांत काही नव्हतं. पोटातल्या अन्नातही नव्हतं. विष होतं मुलीच्या कपड्यांवर, केसांत आणि गोधडीत. गोधडी भिजेल इतकं. मी तो कागद तीनदा वाचला.

नवराबायकोला बोलावून घेतलं. बाप अहवाल ऐकून खाली बघत राहिला. आईच बोलली, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "पिसवा चावतीन म्हनीसन यासनीच गोधडीमा औषध टाकं, साहेब. कपाशीवर मारतस तेच, घरथीन आनेल. रिकामी बाटली मांगे उकिरडामा टाकी दिधी. थंडी व्हती, पोर तोंडवर गोधडी लिसन रातभर जपनी."

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"दवाखानामाच समजनं व्हतं."

"मग बोलल्या का नाहीत?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "पोर त गई व्हती. यासले बी धरी लई जातात."

बाप हुंदके देत म्हणाला, "वावरमा रोज हातमा ऱ्हास ते औषध, साहेब. माले काय माहीत!" त्याचं खोटं नव्हतं. उघड्या हातांनी फवारणी करणारे हजार लोक मी पाहिले आहेत. आमच्या भागात ते औषध शेंगदाण्याच्या तेलाशेजारी फळीवर ठेवतात. त्याच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल केला. तो करतानाही मला समाधान नव्हतं, कारण त्याला देवाने आधीच शिक्षा दिली होती.

न्यायालयात अहवाल देऊन मी पावऱ्याच्या सुटकेचा आदेश मिळवला आणि हवालदाराला घेऊन स्वतः तुरुंगाच्या दारात गेलो. तो खूप वाळला होता. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याने पहिलं विचारलं, "पाहुणा बोलला का?"

"बोलला. सगळं कबूल केलं," मी म्हणालो.

त्याच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. "मग बसायचं कधी?"

मी समजावलं की बसणं होणार नाही. पाहुण्याचं कोर्ट बघेल. तू निर्दोष आहेस, घरी जा. हवालदार ते सांगत असताना तो ऐकत राहिला. मग हळूच काही बोलला. हवालदाराने ते मला सांगायला वेळ लावला.

"म्हणतो, मग पोर माझ्याच घरात मेलेली राहिली."

त्याच्या लेखी पाहुण्याने समोरासमोर बसून तोंडाने सांगितल्याशिवाय ते घर शुद्ध होणार नव्हतं. मी त्या बापाला निरोप धाडला, एकदा वर जाऊन ये, मी सोबत येतो. त्याच्या वकिलाने कळवलं की आमचा अशील जाणार नाही. कायद्याने वकील बरोबर होता.

चाळीस वर्षांच्या जवळपास नोकरी केली. गुन्हेगार खोटं बोलतो हे पहिल्या वर्षी शिकलो आणि त्याच शिदोरीवर सगळी नोकरी काढली. निर्दोष माणूस कबुली का देईल, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. उत्तर माझ्या शेजारी चालत होतं, माझाच पगारी हवालदार ते मला सांगत होता, आणि मी त्याला गप्प केलं. त्याचं ऐकून त्या बापाला एक साधा प्रश्न विचारला असता तर दहा मिनिटांत सगळं उलगडलं असतं.

निवृत्त झाल्यावर मी त्या पाड्यावर चढून गेलो. माफी मागायची होती. शेजारच्या म्हाताऱ्याने हात करून जागा दाखवली. घर त्याने स्वतःच्या हातांनी उतरवलं होतं आणि बायकापोरांना घेऊन गुजरातकडे मजुरीला गेला होता. गाव विचारलं तर कुणाला सांगता आलं नाही. चौथऱ्यावर गवत उगवलं होतं. मी तिथे बसलो, मोठ्याने म्हणालो, "गुन्हा माझा," आणि ऐकायला कुणी नव्हतं.