फोटोपुरती पोत

नांदूरघाटच्या बाजारात लिंबाखाली त्रिंबक बसायचा. पोत, म्हणजे आमच्याकडचं मंगळसूत्र, ओवून द्यायचा. काळे मणी, सोन्याचं पाणी दिलेल्या वाट्या आणि मानेमागं बांधायला रेशमी दोरा. दोन वर्षांमागं छातीत कळ येऊन तो गेला. घरात त्याची बायको मनकर्णा, आई साखराबाई आणि शिक्षणासाठी त्यांच्याकडं राहणारी पुतणी रोहिणी, एवढ्या तिघी उरल्या. त्यांचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून.

मनकर्णा नवऱ्याच्या बरोबरीनं ओवायची. त्याचे दिवस झाल्यावर ती बाजारात त्याच जागी बसू लागली. बाया यायच्या, मणी बोटांत घ्यायच्या, तिच्या कपाळाकडं बघायच्या आणि "जाताना घेते" म्हणून दुसऱ्या वाटेनं घरी जायच्या. कुणी वाईट बोललं नाही. विधवेच्या हातची पोत कुणाला नको होती, इतकंच. मनकर्णा रडली असेल तर ते मला माहीत नाही. कुणी विचारलं की "हाय की, चाललंय" म्हणायची आणि पुन्हा सुईकडं बघायची.

रोहिणीनं मोबाईलवर, एका कंपनीच्या ऑनलाइन बाजारात, दुकान काढलं. तिथं ओवणारीचं कपाळ दिसत नाही. फोटो काढायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझ्या पूर्वेच्या खिडकीत सकाळी उजेड चांगला येतो आणि पतसंस्थेत हिशेब करून मला वस्तू सरळ ठेवायची सवय आहे. पांढरा पुठ्ठा, त्यावर पोत, वाट्या मधोमध. वाट्यांत माझा मोबाईलच उमटायचा, म्हणून खिडकीला जुनं धोतर बांधलं आणि मी जरा बाजूनं उभा राहू लागलो. मागण्या येऊ लागल्या. बाजारात बसणं सुटलं होतं, घर तेवढ्यावरच चाललं होतं.

मग कंपनीचा निरोप आला. पोत गळ्यात घातलेला एक तरी फोटो हवा. शनिवारपर्यंत आला नाही तर दुकान बंद.

सकाळी सगळ्या आमच्या घरी जमल्या.

"मी घालते की. फोटोच तर हाय," रोहिणी म्हणाली.

"कुवारणीच्या गळ्यात पोत?" साखराबाई म्हणाली. "फोटूत घाल न्हाईतर सपनात घाल, गळा तुझाच की."

सगळ्यांनी माझ्या बायकोकडं, मंगलकडं पाहिलं. तिनं आपल्या मंगळसूत्रावर हात ठेवला. "माझी तर काढायची न्हाई. आन् दोन घातल्या तर लोक इचारतील, दुसरा कोण हाय."

रोहिणी हसली, मीही हसलो. मनकर्णा दोऱ्याला मेण लावत होती. मान वर न करता ती म्हणाली, "माझा गळा रिकामाच हाय की."

साखराबाईच म्हणाली, "रिकामा माझा बी हाय. पर ह्या सुरकुत्यात पोत कुणाला दिसनार. बस बाई, तूच बस."

मनकर्णा खिडकीपाशी बसली. हनुवटीपासून खाली, एवढंच चौकटीत घ्यायचं ठरलं. दोरा मागं बांधायला तिचा हात पुरेना, तेव्हा साखराबाई उठली आणि तिनं तो बांधला. मी फोटो काढले. रोहिणीनं त्यातला एक लगेच पाठवून दिला.

"सोड आता," मनकर्णा तिला म्हणाली.

रोहिणी नखानं गाठ ओढत राहिली. सुटेना. साखराबाईनं निरगाठ मारली होती.

"आत्या, कावून एवढी आवळली?" मनकर्णानं सासूला विचारलं.

"पोतीला सुरगाठ मारत न्हाईत गं. हाताला तेच ठावं हाय."

मंगलनं कात्री आणली, पण पुढं येईना. त्रिंबक गेला त्या दिवशी मनकर्णाच्या गळ्यातली पोत ज्या बायांनी काढली, त्यांत ती होती. मनकर्णानं हात पुढं केला, कात्री घेतली आणि मानेमागं नेली.

"कापते म्हणू नको बाई," साखराबाई म्हणाली. "वाढवते म्हण."

आमच्याकडं बांगडी फुटत नाही आणि पोत तुटत नाही. वाढते. तसं म्हटलं की कुंकवाला धक्का लागत नाही, असं मानतात.

"कुणासाठी वाढवू, आत्या? दुकानाची हाय ही. कापतेच."

दोरा कापला. पोत मांडीवर उतरली, मणी फरशीवर गेले. रोहिणी वाकून वेचू लागली. साखराबाईनं पदर तोंडाशी धरला आणि भिंतीकडं वळून बसली.

"फोटोतलीच कुणी मागितली तर?" मी विचारलं.

"तशीच दुसरी ओवते."

शुक्रवारी कंपनीनं फोटो मंजूर केला. रोहिणी सांगायला धावत आली, तेव्हा मनकर्णा "बरं झालं" म्हणाली आणि मणी निवडत राहिली. पुढच्या आठवड्यात मागणी आली ती त्या फोटोतल्या पोतीचीच. मनकर्णानं पोत ओवली, वाट्या घातल्या. मागचा रेशमी दोरा मात्र घेतला नाही. त्या जागी पितळी आकडा लावला, बोटानं दाबला की सुटणारा. आता तिच्या सगळ्या पोतींना आकडाच असतो.