संशोधकाच्या रकान्यातलं नाव

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी धुळ्याला कृषी संशोधन केंद्रात कनिष्ठ सहायक होते. नोकरी तात्पुरती, दर अकरा महिन्यांनी हातात नवा आदेश. जळगावच्या एका पाइप कारखान्याशी आमच्या केंद्राने संयुक्त संशोधनाचा करार केला होता. ठिबकच्या नळ्या कारखान्याच्या, अभ्यास आमचा आणि त्यातून जे निघेल त्यावर दोघांचा सारखा हक्क. करार चांगला अकरा पानांचा होता. चाचणी ज्यांच्या शेतात चालायची ते दोंडाईच्याजवळचे मिरची पिकवणारे आबा. त्यांचा उल्लेख त्या अकरा पानांत एकदाच होता, ‘प्लॉटधारक’ म्हणून.

अडचण गाळाची होती. आबांच्या विहिरीचं पाणी गढूळ असल्यामुळे नळ्या तुंबायच्या. मग प्रत्येक नळीच्या शेवटाचं बूच काढायचं, घाण वाहून जाऊ द्यायची आणि बूच पुन्हा बसवायचं. वीज, आबांच्या भाषेत ‘लाइन’, तर दिवसातून चारदा जायची आणि दर वेळी हेच करावं लागायचं, त्यामुळे सगळ्यांच्या नाकी नऊ आले होते. कारखान्याचे इंजिनिअर दोनदा येऊन नकाशे काढून गेले.

एका सकाळी मी शेतात पोचले तर आबा माझी वाटच बघत होते. त्यांनी बूच काढून टाकून तिथे नळीचा एक उभा तुकडा जोडला होता. तुकड्यात सोडा-बाटलीची गोटी टाकली होती आणि वरच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबची, मधोमध भोक पाडलेली चकती बसवली होती.

‘‘देख बेटा,’’ आबा म्हणाले, ‘‘लाइन गई का गोटी खाले पडस, तोंड उघडस. लाइन उनी का पहिले बठ्ठी घाण भाहेर, मंग गोटी वर जास नि आपेआप बंद. लिखी ले, नहीतं भुली जाशी.’’

पंप सुरू केला. गढूळ पाणी भसाभसा बाहेर आलं, हळूहळू निवळलं आणि टक् करून गोटी चकतीला जाऊन बसली. मला इतका आनंद झाला की मी बांधावर टाळ्या वाजवल्या.

आणि मी लिहून घेतलं. घोळ झाला तो तिथेच.

आमच्या दौऱ्याच्या नोंदवहीत ‘काम कोणी केले’ असा एक रकाना असे. नवी होते तेव्हा एकदा मी त्यात प्रामाणिकपणे ‘शेतकऱ्याने’ असं लिहिलं होतं. कारकुनाने लाल शाईत शेरा मारून वही परत पाठवली : ‘मग आपण कशासाठी गेला होतात?’ तेव्हापासून मी शहाणी झाले. खुरपणी, फवारणी, खड्डे, सगळं मीच केलं, असं आठवड्याला सही ठोकून लिहायचे. सगळं केंद्र तेच करत होतं. आमच्या नोंदवह्यांवर विश्वास ठेवला असता तर तालुक्यात एकाही शेतकऱ्याच्या हाताला माती लागलेली नव्हती. त्या दिवशीही मी सवयीने लिहून टाकलं : ‘नळीच्या शेवटी गोटीची झडप बसवली.’ रकान्यात माझं नाव आणि खाली सही.

सहा महिने झडप बिनबोभाट चालली आणि कारखान्याने पेटंटचा अर्ज करायचं ठरवलं. आम्हाला जळगावला बोलावणं आलं. एसटीत मी विभागप्रमुखांच्या शेजारी बसले होते. पारोळा मागे पडल्यावर मी धीर करून म्हणाले, ‘‘सर, झडप खरं तर आबांनी केली.’’

‘‘नोंदवहीत काय आहे?’’

‘‘माझं नाव. पण ते आपण नेहमीच...’’

‘‘मग झालं तर. प्लॉटधारक म्हणजे जमीन. जमिनीला कोणी संशोधक म्हणतं का?’’ सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘सरकारी दप्तरात खोटी नोंद केली असं लिहून द्यायचंय का तुम्हाला? तुमचा कायम होण्याचा प्रस्ताव वर गेलाय. विचार करा.’’

जळगावपर्यंत मी तोच विचार करत राहिले.

कारखान्याच्या बैठकीच्या खोलीत मुंबईहून आलेले एक पेटंट सल्लागार होते. बारीक आवाजाचा, सभ्य माणूस. समोर माझी नोंदवही उघडलेली. ते म्हणाले, ‘‘मालकी कोणाची, हे करारात स्पष्ट आहे. पण अर्जात खरा आणि पहिला संशोधक कोण, ते द्यावं लागतं. कल्पना तुमचीच?’’

‘‘हो.’’

‘‘कोणी सुचवलं वगैरे?’’

सर पेनाचं टोपण काढत-लावत होते. कारखान्याचे साहेब घड्याळ बघत होते. मला वाटलं, हा माणूस आणखी एकदा विचारेल तर मी सांगून टाकीन. नक्की सांगीन.

त्यांनी खरंच विचारलं. ‘‘बाई, घाई नाही. आणखी कोणाचा हात असेल तर आज नाव घालता येईल. करार थोडा बदलावा लागेल, इतकंच. नंतर अवघड होतं. आहे कोणी?’’

एवढं दार उघडून धरलं होतं त्या परक्या माणसाने. तरी मी म्हणाले, ‘‘कोणी नाही.’’

सही मी एका झटक्यात केली, याचीच मला आजही लाज वाटते.

पुढच्या हिवाळ्यात जळगावला कृषी प्रदर्शन भरलं. कारखान्याच्या मांडवात काचेच्या पेटीत प्लास्टिकची नवी झडप ठेवली होती. शेजारी फलक : ‘पेटंटसाठी अर्ज दाखल’ आणि खाली ‘संशोधक’ म्हणून माझं पूर्ण नाव. मी माहिती सांगायला उभी होते. समोरून आबा येताना दिसले, धुतलेलं धोतर, टोपी, सोबत गावातले पंधरावीस जण. पळून जावंसं वाटलं.

आबा पेटीपाशी थांबले. फलक त्यांनी एकेक अक्षर लावत वाचला. मग पुन्हा वाचला. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते.

बरोबरचा एक जण मोठ्याने म्हणाला, ‘‘आबा, हाई ते तुम्हीच करेल शे ना?’’

मांडवातले लोक वळून बघायला लागले. कारखान्याचे साहेबही पुढे आले. आबांनी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे.

‘‘नही रे भो,’’ ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. ‘‘हाई बठ्ठं ह्या पोरनं डोकं शे. मनं ते निस्तं वावर व्हतं. नही का बेटा?’’

‘‘हो आबा,’’ मी म्हणाले.